गिअर शिफ्टर बदलणं: बसवण्यापेक्षा जुळवण्याचं काम मोठं

बाहेरून विकत आणलेला शॉर्ट शिफ्टर, म्हणजे मूठ कमी फिरवून गिअर पडेल असा दांड्याचा संच, मॅन्युअल गाडीत बसवायला, पाने हाताळायची सवय असलेल्या माणसाला एक मोकळा दिवस पुरतो. पण काम खरं तिथे संपत नाही. सगळे गिअर आणि रिव्हर्स अडखळल्याशिवाय पडले पाहिजेत, फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढावर दुसरा गिअर निसटता कामा नये आणि पाचव्यातून चौथ्यात येताना हात चुकून दुसऱ्यात जाता कामा नये. यातलं काहीही त्या नव्या चकचकीत भागाच्या किमतीवर ठरत नाही. ते ठरतं बुशांच्या (सांध्यांत बसवलेल्या छोट्या नळ्यांच्या) अवस्थेवर आणि केबल जुळवताना दाखवलेल्या चिकाटीवर. म्हणून या लेखात जोडणी थोडक्यात आणि जुळवणी सविस्तर सांगतो.

गोव्यात हे काम करताना तीन गोष्टी सतत आड येतात: किनाऱ्याची खारी हवा, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि डिचोली, साखळी, उसगाव या खाणपट्ट्यातली तांबडी धूळ. त्यांचा विचार जिथल्या तिथे केला आहे.

शिफ्टर बदलल्याने नेमकं काय बदलतं

गिअरचा दांडा ही साधी तरफ आहे. मध्ये टेकूचा गोळा, वर तुमच्या हातातली मूठ, खाली गिअरबॉक्सकडे जाणारी केबल अडकवलेलं टोक. समजा गोळ्यापासून मूठ २४० मिलिमीटर वर आहे आणि केबलचं टोक ६० मिलिमीटर खाली. प्रमाण झालं ४:१. पहिल्यातून दुसऱ्यात जायला केबल एकूण २४ मिलिमीटर सरकावी लागत असेल, तर मूठ ९६ मिलिमीटर फिरते. आता खालचं टोक ८० मिलिमीटरचं केलं, की प्रमाण ३:१ होतं आणि तेवढ्याच कामाला मूठ ७२ मिलिमीटर फिरवून भागतं. हालचाल पाव हिश्श्याने कमी झाली. मात्र त्याच हिशेबाने हाताला लागणारा जोर एक तृतीयांशाने वाढला. याला कुठल्याही कंपनीकडे पळवाट नाही. 'हालचाल अर्धी आणि गिअर लोण्यासारखा' अशी जाहिरात दिसली तर पुढचं वाचायची गरज नाही.

हालचाल कमी करायचे तीन मार्ग आहेत. दांड्याचा वरचा भाग आखूड करणं, खालचा भाग लांब करणं किंवा गिअरबॉक्सवरचा आर्म बदलून केबलला कमी सरकावं लागेल असं करणं. पहिला मार्ग सगळ्यात स्वस्त, पण मूठ खाली गेल्याने दर वेळी खांदा झुकवावा लागतो. रोज फोंडा–पणजी करणाऱ्याला तो मी सुचवणार नाही. दुसरा मार्ग बहुतेक चांगल्या शिफ्टरमध्ये असतो. तिसऱ्यात फक्त बॉनेट उघडावं लागतं, दोन सीटांमधल्या कन्सोलला हात लावावा लागत नाही. पण तिथे गिअरबॉक्सच्या आर्मवर कधीकधी जो जड वजनाचा तुकडा असतो तो काढायला सांगतात. ते वजन गिअर पडताना मदत करतं. ते काढलं की हालचाल आखूड होते आणि गिअर कोरडा, अडखळता वाटायला लागतो.

वाढलेला जोर शेवटी सिंक्रो रिंगवर जातो. दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणारे भाग घासून समान वेगावर आणायचं काम ती करते आणि त्याला क्षणभर वेळ लागतो. दांडा आखूड झाला म्हणून तो क्षण लहान होत नाही. हात घाईवर आला तर झीज वाढते. रिंगला सवड द्यायची सवय शिफ्टरबरोबरच लावून घ्यावी.

आधी जुन्याची तपासणी

गिअरमध्ये मजा नाही असं वाटणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा दोष शिफ्टरमध्ये नसतोच. शंभर-दोनशे रुपयांचा प्लास्टिक बुश झिजलेला असतो. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी हे पाहा.

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा आणि क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहा. मग तेच इंजिन चालू ठेवून. बंद असताना सहज पडणारे गिअर चालू असताना अडत असतील, पहिला किंवा रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा असेल, केबलचा क्लच असेल तर त्याची ॲडजस्टमेंट गेली असेल. असल्या गाडीला शॉर्ट शिफ्टर लावला तर त्रास वाढणार. (रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो नसतो, तेव्हा क्लच दाबल्यावर तीन सेकंद थांबून मग टाकून पाहा आणि मगच निष्कर्ष काढा.)

फक्त एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, धावताना कर्रकन आवाज येत असेल तर सिंक्रो झिजला आहे. तो गिअरबॉक्स उघडूनच दुरुस्त होतो.

दांडा गिअरमध्ये ठेवून डावी-उजवीकडे हलवा. थोडा प्ले (सैलपणा) असतोच. पण मूठ दोन-तीन बोटं सैल फिरत असेल तर केबलच्या टोकांचे बुश बघा. शेवटी गाडी चालवताना दांड्यावरचा हात काढा आणि ॲक्सिलरेटर दाबा-सोडा. दांडा पुढे-मागे डोलत असेल तर इंजिन माउंट (इंजिन धरणारा रबरी आधार) फाटलेलं असू शकतं. गिअर ऑइलची पातळीही याच वेळी बघून घ्या आणि बदलायचं असेल तर पुस्तिकेत दिलेल्याच दर्जाचं भरा. महागडं म्हणून वेगळ्या दर्जाचं ऑइल ओतू नका, कारण काही ऑइलमधले घटक सिंक्रोच्या पितळेला मानवत नाहीत.

बुश, क्लच आणि माउंट ठीक केल्यावर गाडी आठवडाभर चालवा. अनेकांना मग शिफ्टर बदलावासाच वाटत नाही आणि त्यात काहीही वाईट नाही.

भाग निवडताना

आपल्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि गिअरबॉक्स यांना नेमका बसणारा शिफ्टरच घ्या. एकाच नावाच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत गिअरबॉक्स वेगळा असू शकतो. हालचाल वीस ते तीस टक्के कमी करणारा शिफ्टर रोजच्या वापराला योग्य वाटतो. त्यापुढे गेलं की पणजीच्या गर्दीत मनगट दुखायला लागतं.

धातूबद्दल थोडं. ॲल्युमिनियमचा भाग आणि लोखंडी बोल्ट एकत्र आले आणि त्यांना खारं दमट वातावरण मिळालं की ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. मिरामार, कोलवा, मोरजी अशा भागात गाडी उभी राहत असेल तर ॲनोडाइझ केलेलाच (वर संरक्षक थर चढवलेलाच) भाग घ्या आणि बोल्टच्या आट्यांना हलकं ग्रीस लावा. बुश बदलताना पूर्ण धातूचे बुश टाळा असं माझं मत आहे. त्यांनी गिअर नेमका पडतो, पण गिअरबॉक्सची प्रत्येक थरथर मुठीत येते. घट्ट पॉलियुरेथेन किंवा लेथवर वळवून घेतलेला डेल्रिन या कडक प्लास्टिकचा बुश हा चांगला मध्यममार्ग आहे.

मूठ बदलायची असेल तर आट्यांचं माप घ्या. एम ८, एम १० आणि एम १२ अशी वेगवेगळी मापं आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असतात. एम १० मध्येच १.२५ आणि १.५ असे दोन पिच सापडतात आणि चुकीचा बळेच फिरवला तर आटे जातात. रिव्हर्ससाठी कॉलर उचलावी लागते अशा गाड्यांना कुठलीही मूठ चालत नाही. ती कॉलर चालेल अशीच हवी. पूर्ण धातूची मूठ दिसायला छान, पण एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तिला हात लावून बघा. चामड्याने मढवलेली घ्या.

नोंदणी आणि वॉरंटीबद्दल विचारलं जातं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रावरच्या तपशिलांशी न जुळणाऱ्या फेरफारांबद्दल आहे आणि गिअरचा दांडा त्या तपशिलांत येत नाही. वॉरंटीतल्या गाडीचं मात्र वेगळं आहे. गिअरबॉक्सची तक्रार घेऊन गेल्यावर बाहेरचा शिफ्टर दिसला की कंपनी हात वर करू शकते. वॉरंटी संपेपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

तयारी

दहा आणि बारा नंबरचे बॉक्स पाने, लांब एक्स्टेंशन, चपटी पक्कड, प्लास्टिकचा उचकटणा, टॉर्क पाना, टेप, सिलिकॉन ग्रीस, निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव), जुनी कापडं आणि नेलपॉलिशची बाटली. नेलपॉलिश खुणा करायला लागतं. रंगीत आणि पटकन सुकणारं हवं.

जागा सावलीची निवडा. तापलेल्या गाडीत कन्सोलचं जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि क्लिपा कटकन तुटतात. गाडीखाली जायचं असेल तर हँडब्रेक ओढून चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (अडवणारे ठोकळे) लावा आणि गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवा. पावसाळ्यात आपल्या अंगणातली तांबडी माती वरून घट्ट दिसली तरी आतून मऊ असते. स्टँडखाली जाड फळी हवीच. सायलेन्सरची नळी शिफ्टरच्या अगदी खालून जाते, ती पूर्ण थंड होऊ द्या.

एक गोष्ट विसरू नका. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स कन्सोलखालीच, शिफ्टरच्या पुढे असतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, दहा मिनिटं थांबा आणि पिवळ्या रंगाच्या वायरिंगला हात लावू नका. त्या भागात हातोडी चालवायची नाही, आणि कुठलाही कनेक्टर सुटा असताना चावी फिरवायची नाही.

सुरुवात करण्यापूर्वी जुन्याची मोजमापं घ्या. न्यूट्रलमध्ये मूठ डॅशबोर्डपासून किती लांब आहे, पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत ती किती फिरते, पुढे-मागे कन्सोलच्या कडेपासून किती अंतर राहतं, हे सगळं टेपने मोजून लिहून ठेवा. पुढे जुळवणीत हेच आकडे कामाला येतात.

उघडणं

मूठ काढा, बूट (दांड्याभोवतीचं चामडी आवरण) कन्सोलमधून उचला, मग कन्सोलचे स्क्रू. काही स्क्रू कपहोल्डरच्या रबराखाली आणि हँडब्रेकच्या मागे दडलेले असतात. कन्सोल सहज येत नसेल तर जोर लावू नका, कुठला तरी स्क्रू राहिला आहे. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा.

आता शिफ्टरच्या तळाशी दोन केबल दिसतील. एक सिलेक्ट केबल, जी दांड्याच्या डाव्या-उजव्या हालचालीने कुठल्या जोडीत जायचं ते ठरवते. दुसरी शिफ्ट केबल, जी पुढे-मागे हालचालीने त्या जोडीतला गिअर टाकते. दोन्हींवर वेगळ्या खुणा करा. केबलच्या टोकावर ॲडजस्टमेंटचे आटे असतील तर चेकनटच्या (ॲडजस्टमेंट जागेवर धरणाऱ्या नटच्या) जागी नेलपॉलिशची रेघ मारा आणि बाहेर दिसणारे आटे मोजा. टोकं आपापल्या छोट्या गोळ्यांवर दाबून बसवलेली असतात. ती सरळ वर उचलायची, तिरकी उचकटली तर कप फाटतो. केबलचं बाहेरचं वेष्टन यू आकाराच्या क्लिपने धरलेलं असतं. ही क्लिप उडून कार्पेटखाली जाते, म्हणून आजूबाजूला आधीच कापड पसरून ठेवा. केबल कुठेही कडक वळवू नका. आतला पदर एकदा मोडला की ती केबल पुन्हा कधी सुरळीत सरकत नाही.

शिफ्टर बहुधा चार नट-बोल्टांनी तळाला बसवलेला असतो. काही गाड्यांत वरून सुटतो, काहींत सायलेन्सरचं उष्णतारोधक पान काढून खालून.

खाणपट्ट्यातल्या गाडीत शिफ्टर उचलल्यावर त्याखाली तांबडा थर सापडेल. ती धूळ ग्रीसमध्ये मिसळली की गोळा आणि बुश घासून खाते. कापड आणि ब्रश घेऊन सगळं पुसून काढा. पाण्याचा फवारा मारू नका, वायरिंग आणि कार्पेट दोन्ही भिजतील.

बसवणं

नव्या शिफ्टरचा दांडा जुन्या घरात (दांड्याला धरणाऱ्या चौकटीत) बसत असेल तर टेकूचा गोळा, त्याचा कप आणि मध्यावर आणणारी स्प्रिंग नीट तपासा. गोळ्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. साधं पेट्रोलियम ग्रीस काही रबरांना फुगवतं, म्हणून प्लास्टिक-रबरच्या जागी ते टाळा. दांडा घरात बसवल्यावर, केबल न जोडता, सगळीकडे फिरवून पाहा. कुठे घासतो का, सोडल्यावर आपोआप मध्यावर येतो का? इथे अडत असेल तर गाडीत बसवल्यावर सुटणार नाही.

तळाचे बोल्ट आधी चारही हाताने फिरवा, मग कोपऱ्या-कोपऱ्याने आवळा. गाडीच्या पुस्तिकेत किंवा शिफ्टरबरोबर आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. नसेल तर लोखंडी आट्यात एम ६ ला ८ ते १० आणि एम ८ ला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. प्लास्टिकच्या घराला त्याहून कमी. थ्रेडलॉकर निळाच वापरा आणि तो प्लास्टिकला लागू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

खालचा रबरी बूट नीट बसला पाहिजे. लोक वरचा चामडी बूट सुंदर लावतात आणि खालच्याकडे पाठ फिरवतात. हा बूट म्हणजे गाडीच्या तळाला असलेलं झाकण आहे. तो उघडा राहिला तर पावसाचं पाणी, धूळ आणि सायलेन्सरचा विषारी धूर थेट आत येतो. त्याची कड बोटाने सगळीकडून चाचपून बघा.

जुळवणी: इथे घाई नको

तत्त्व एका वाक्यात मावतं. गिअरबॉक्स खऱ्या न्यूट्रलमध्ये असताना दांडाही खऱ्या न्यूट्रलमध्ये असावा आणि त्या अवस्थेत केबलवर ओढ किंवा दाब नसावा.

बहुतेक पाच गिअरच्या गाड्यांत न्यूट्रलची विश्रांतीची जागा तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत असते. स्प्रिंग दांडा तिथेच आणते. म्हणून दोन्ही केबल सैल ठेवून बॉनेटखालच्या गिअरबॉक्सचे आर्म हाताने फिरवून न्यूट्रलवर आणा. बरोबर जागी आर्म स्वतःहून मध्यावर परत येतो. मग गाडीच्या आत दांडा मध्यावर सरळ धरा. काही शिफ्टरमध्ये त्यासाठी आरपार भोक असतं, त्यात पिन किंवा योग्य जाडीचं ड्रिल बिट घालून दांडा जागच्या जागी अडकवता येतो. भोक नसेल तर दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या घड्या खोचून दांडा स्थिर करा. सोबतच्या माणसाला धरायला सांगू नका, हात दोन-तीन मिलिमीटर हलतोच.

आता केबलची टोकं गोळ्यांवर कशी येतात ते पाहा. टोक न ओढता, न ढकलता बरोबर गोळ्यावर आलं पाहिजे. पुढे किंवा मागे पडत असेल तर ॲडजस्टर फिरवून तिथे आणा, मग दाबून बसवा. ॲडजस्टरचे आटे किमान त्यांच्या व्यासाइतके तरी आत राहिले पाहिजेत. एम ६ चा असेल तर ६ मिलिमीटर. त्याहून कमी राहत असतील तर शिफ्टर चुकीचा आहे किंवा उलटा बसला आहे.

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत हे काम सोपं करून ठेवलं आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकांवर स्प्रिंगच्या कॉलर असतात. त्या ओढून फिरवल्या की केबल सैल होते. मग गिअरबॉक्सवरचा सिलेक्टर शाफ्ट खाली दाबून शेजारचा कोनी लिव्हर फिरवला की शाफ्ट अडकून राहतो. आत दांड्याला पिन घालायची, कॉलर सोडायच्या, केबल आपली जागा आपण घेते. शेवटी पिन काढायची आणि कोनी लिव्हर परत फिरवायचा. यातलं शेवटचं विसरलं तर गिअर पडणारच नाहीत, तेव्हा दांडा जोराने ढकलू नका.

जोडून झालं की पिन आणि पुठ्ठे काढा, इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाका. आता दोष ओळखायचा. पहिला, तिसरा आणि पाचवा पूर्ण पडतात पण दुसरा आणि चौथा अर्धवट वाटतात, असं असेल तर दोष पुढे-मागे, म्हणजे शिफ्ट केबलमध्ये. उलट असेल, म्हणजे मागचे पडतात आणि पुढचे नाहीत, तरी तीच केबल, फक्त दुसऱ्या दिशेला फिरवायची. पहिला-दुसरा छान पडतात पण पाचवा किंवा रिव्हर्स सापडतच नाही, तर दोष डाव्या-उजव्या, म्हणजे सिलेक्ट केबलमध्ये. तिसऱ्याकडे जाताना दांडा पहिल्याच्या तोंडात अडखळत असेल तर तीच केबल विरुद्ध बाजूला.

एका वेळी एकच केबल आणि एका वेळी अर्धा फेरा. किती फिरवलं ते लिहा. दोन्ही केबल एकदम हलवल्या तर कुठल्याने काय झालं ते कळत नाही आणि मग मूळ खुणांवर परत जाण्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

सगळे गिअर पडायला लागले की थांबायचा मोह होतो. अजून एक तपासणी बाकी आहे आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच. प्रत्येक गिअर पूर्ण पडल्यावर मूठ त्याच दिशेने आणखी किंचित ढकला. थोडीशी लवचिक सवड जाणवली पाहिजे. तिसऱ्यात जेवढी, जवळजवळ तेवढीच चौथ्यात. एका बाजूला सवड आणि दुसऱ्या बाजूला दांडा कठीण टेकतो आहे, म्हणजे तिथे गिअरबॉक्सचे दात पूर्ण गुंतण्याआधीच दांडा कन्सोलला किंवा स्वतःच्या घराला आदळतोय. असा गिअर गावात ठीक वाटेल. पण अर्धवट गुंतलेले दात भाराखाली गोल झिजतात आणि काही महिन्यांनी गिअर आपोआप बाहेर उडायला लागतो. थांबवण्याचं काम गिअरबॉक्सने करायला हवं, शिफ्टरने किंवा कन्सोलच्या कडेने नव्हे. सुरुवातीला लिहून ठेवलेलं कन्सोलच्या कडेचं अंतर आता, कन्सोल नुसतं जागेवर ठेवून, पुन्हा मोजा.

बाजूच्या हालचालीत एक धोका आहे. काही शिफ्टर डावी-उजवी हालचालही आखूड करतात. मग तीन ओळी एकमेकींजवळ येतात आणि पाचव्यातून चौथ्यात येताना दुसरा सापडण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चौथ्यापेक्षा साधारण दुप्पट फिरतं. चौथ्यात मिनिटाला ३५०० फेरे पडतील अशा वेगाला चुकून दुसरा टाकून क्लच सोडला तर इंजिन ७००० च्या आसपास ओढलं जातं. चाकांनी फिरवलेल्या इंजिनला लिमिटर (इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) वाचवू शकत नाही, व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून बाजूची हालचाल मूळ तशीच ठेवणारा शिफ्टर मिळत असेल तर तो घ्या आणि मध्यावर आणणारी स्प्रिंग कमजोर वाटली तर आत्ताच बदला.

समाधान झाल्यावर चेकनट आवळा. आवळताना केबलचं टोक दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर ते पीळ खातं आणि जुळवलेलं बिघडतं. सगळे गिअर पुन्हा तपासा. कन्सोल लावण्याआधीच रस्त्यावर एक फेरी मारून या म्हणजे पुन्हा उघडावं लागत नाही. त्या आधी सगळे कनेक्टर जोडले आहेत ना हे पाहून मगच बॅटरीची तार लावा आणि मोकळ्या वायरी दांड्याच्या वाटेतून बाजूला बांधा.

रस्त्यावर

आधी उभ्या गाडीत इंजिन चालू करून पहिला आणि रिव्हर्स. मग रिकाम्या गल्लीत पहिला, दुसरा, तिसरा, हळूहळू. त्यानंतर चढ. फर्मागुडीचा चढ किंवा पणजीतला आल्तिनो याला योग्य आहे. पहाटे जा. दुसऱ्यात चढताना ॲक्सिलरेटर दाबा, हात मुठीपासून दूर ठेवा आणि दांडा सरकतो का पाहा. उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्यात ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. इंजिन ब्रेकिंगच्या भाराखाली अर्धवट पडलेला गिअर इथेच बाहेर येतो. आला तर शिफ्ट केबल त्या गिअरच्या दिशेने अर्धा फेरा. चोर्ला किंवा अनमोड घाट ही शेवटची परीक्षा, पहिल्या दिवसाची नव्हे. आधी शे-दोनशे किलोमीटर गावात काढा, सगळे बोल्ट आणि चेकनट पुन्हा पान्याने तपासा, मगच घाट.

चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीने ये-जा करत असाल तर रिव्हर्सची खास परीक्षा घ्या. बोटीवर गाडी इंच-इंच पुढे-मागे करावी लागते, मागे लोक उभे असतात. तिथे रिव्हर्सऐवजी पाचवा किंवा पहिला पडून चालत नाही. उभ्या गाडीत पहिला–रिव्हर्स–पहिला अशी अदलाबदल न बघता करता येईपर्यंत सराव करा.

दांडा थेट गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या गाड्या

जिप्सी किंवा जुनी थार यांच्यात केबल नाही, दांडा सरळ गिअरबॉक्सच्या डोक्यात उतरतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागात अशा गाड्या बऱ्याच दिसतात. इथे जुळवणी जवळजवळ नाही, स्वच्छतेला मात्र अतोनात महत्त्व आहे. दांड्याभोवतीचा भाग आधी ब्रशने आणि कापडाने पूर्ण साफ करा, मग झाकण उघडा. दांडा वर काढल्याबरोबर भोकात स्वच्छ कापड कोंबा आणि त्याला दोरी बांधून तिचं टोक बाहेर ठेवा. आत पडलेला एक वॉशर म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणं. दांड्याच्या टोकावरचा नायलॉनचा बुश या गाड्यांत वारंवार झिजतो. कित्येकदा तो एकटा बदलला की दांड्याचं सगळं डोलणं थांबतं. नवा दांडा टाकताना गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये हवा. झाकणाला सीलंट पातळ लावा, जाड लावलं तर ते आत पिळून ऑइलमध्ये जातं.

नंतरची देखभाल

पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस, एकदा वरचा बूट उचलून आत पाहा. गोळा पुसून ताजं ग्रीस लावा, खालच्या रबरी बुटाला चीर आहे का तपासा. पावसात कार्पेट ओलं झालं असेल तर शिफ्टरच्या तळाचे बोल्ट गंजायला लागतात. चवथीच्या आधी सगळी गाडी धुवायला काढाल तेव्हा कन्सोलखालचा भाग कोरडा करून घ्या. बॉनेटखालच्या केबलच्या टोकांवर वॉशिंगवाल्याला जोराचा फवारा मारू देऊ नका, ग्रीस निघून जातं आणि पाणी वेष्टनात शिरतं. अशी केबल आतून गंजते आणि दांडा दिवसेंदिवस जड होत जातो. जड वाटला तर आधी ती केबल सोडून हाताने सरकवून पाहा, शिफ्टरला दोष नंतर द्या.

जुना शिफ्टर, त्याचे बोल्ट, मूठ आणि तुम्ही लिहिलेली मोजमापं एका पिशवीत घालून जपून ठेवा. गाडी विकताना किंवा सर्व्हिस सेंटरला नेताना मूळ भाग परत बसवायचा झाला तर तोच कागद हाताशी लागेल.